सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही: गाडीची किंमत कमी होते, पार्टची होत नाही

या विषयावरचा व्हिडिओ पाहिला असेल तर हा लेख वही-पेन घेऊन वाचा. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, इथे थांबून हिशोब करता येतो.

नंदनवनच्या आपल्या बॅचमध्ये मसाल्याचं युनिट चालवणारा एक तरुण आहे. वाठोड्याला गाळा आहे, पाच माणसं कामाला आहेत. त्याचा प्रश्न असा: "सर, २०१८ची बीएमडब्ल्यू एक्स-वन पंधरा लाखात भेटून राहिली आहे. नवी क्रेटा पण तेवढ्यालाच येते. मंग बीएमडब्ल्यूच घेतो ना!" मी विचारलं, डाउन पेमेंट कुठून देणार? तर म्हणाला, चार लाख हातात आहेत. हे चार लाख म्हणजे मिरचीच्या सीझनमध्ये कळमन्यातून माल उचलायला ठेवलेले पैसे.

प्रश्न चुकीचा नाही. ऑडी क्यू-थ्री, बीएमडब्ल्यू एक्स-वन, मर्सिडीज जीएलए, व्होल्वो एक्ससी-फोर्टी या गाड्या नव्या असताना आपल्यासारख्या माणसाच्या आवाक्याबाहेर असतात. सहा-सात वर्षांनी त्याच गाड्या क्रेटा-सेल्टोसच्या भावात येतात. गाडी चांगली, बसायला भारी, पार्टीसमोर उतरलं तर वजन पडतं. मग घ्यायला काय हरकत आहे?

हरकत एका गोष्टीची आहे. तुम्ही पंधरा लाखांची गाडी विकत घेताय असं तुम्हाला वाटतं. पण तिचा गिअरबॉक्स, तिचे हेडलाइट, तिचे टायर, तिचा वॉटर पंप हे सगळं चाळीस लाखांच्या गाडीचंच आहे. बाजाराने गाडीची किंमत उतरवली. पार्टची किंमत कोणी उतरवलेली नाही, उलट ती दरवर्षी थोडी वाढते. सगळा खेळ या एका वाक्यात आहे.

पहिला मालक गाडी केव्हा विकतो?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळ्यात आधी तोच विचारायला पाहिजे. लक्झरी गाडी घेणारा पहिला मालक साधारण वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज संपायच्या सुमारास गाडी बदलतो. तो मूर्ख नाही. त्याला वर्कशॉपमधून कळलेलं असतं की पुढच्या दीड-दोन वर्षांत गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेकच्या डिस्क, टायरचा पूर्ण सेट, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी हे सगळं रांगेत उभं आहे. म्हणून तो गाडी देऊन टाकतो. दुसरा मालक दोन वर्षं कसाबसा वापरतो, एखादी सर्व्हिस चुकवतो, लोकल तेल टाकतो आणि विकतो. तुम्ही तिसरे.

त्यामुळे "या गाड्या भरवशाच्या नसतात" हे मी म्हणणार नाही. यंत्र म्हणून त्या उत्तम आहेत. वेळेवर, बरोबर ग्रेडचं तेल आणि बरोबर पार्ट मिळाले तर लाख-सव्वा लाख किलोमीटर निवांत चालतात. पण त्या हयगय सहन करत नाहीत. आपली साधी मारुती सर्व्हिस चुकवली तरी चालत राहते. इथे चुकवलेल्या सर्व्हिसचं बिल व्याजासकट पुढच्या मालकाकडे येतं.

मोठा खर्च कुठून येतो

सगळ्यात आधी गिअरबॉक्स, कारण मोठा दणका बहुतेक तिथूनच बसतो.

पहिल्या पिढीच्या डिझेल ऑडी क्यू-थ्रीच्या ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा एस-ट्रॉनिक येतो, मर्सिडीज जीएलएमध्ये सात गिअरचा डीसीटी येतो. हे दोन्ही ड्युअल क्लच प्रकारचे. म्हणजे आत दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी, एक सम गिअरसाठी. एक गिअर चालू असतानाच दुसरा तयार बसलेला असतो, म्हणून गिअर लोण्यासारखे पडतात. हायवेवर या गिअरबॉक्सला तोड नाही. पण आता इतवारीतली संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. हातगाडी, ई-रिक्षा, समोर उभा टेम्पो, आणि तुम्ही इंच-इंच सरकताय. त्या प्रत्येक इंचाला क्लच अर्धवट लागलेला असतो, घासत असतो, तापत असतो. आपण मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर चालवणाऱ्या ड्रायव्हरला ओरडतो ना? ही गाडी तेच काम स्वतःहून करते, तुम्हाला फक्त कळत नाही.

क्यू-थ्रीच्या या गिअरबॉक्समध्ये क्लच तेलात बुडालेले असतात. ते तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. विकायला आलेली बरीचशी गाडी ५५ ते ७५ हजारावर असते. म्हणजे नेमका तोच टप्पा. बदललं असेल तर बिल दाखवा म्हणायचं. बिल नसेल तर बदललेलं नाही असं धरून चालायचं. तेलाचं काम काही हजारांत होतं. पण क्लच पॅक किंवा मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर पाडणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक मेंदू, गेला तर कोटेशन लाखांत येतं. मधला आकडाच नाही.

टेस्ट ड्राइव्हला काय पाहायचं? गाडी थंड असताना सुरू करा, म्हणजे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गरम करून ठेवू नको. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना झटका येतो का? रिव्हर्स टाकल्यावर गाडी हलायला एक-दोन सेकंद घेते का? मग अर्धा तास गर्दीत चालवून परत तेच पाहा. जगनाडे चौक ते सक्करदरा संध्याकाळी सहा वाजता एक फेरी मारली तरी पुरे, त्याहून कडक टेस्ट कोणता मेकॅनिक घेणार नाही.

बीएमडब्ल्यू एक्स-वनची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१६मध्ये भारतात आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डिझेल एक्स-वनमध्ये आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. गर्दीसाठी तो जास्त सोसणारा. माझं मत विचाराल तर शहरात वापरायला या वर्गात मी हाच गिअरबॉक्स निवडेन. मात्र त्याच्या आधीची, म्हणजे डिसेंबर २०१०मध्ये भारतात आलेली पहिली एक्स-वन स्वस्त दिसली तर सावध. तिच्या दोन लिटर डिझेल इंजिनाच्या टायमिंग चेनची तक्रार जगभर गाजलेली आहे, आणि ती चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनपर्यंत पोचायलाच एवढं काही उतरवावं लागतं की पार्टपेक्षा मजुरी जड जाते. थंड इंजिन सुरू केल्यावर मागून घासल्यासारखा, साखळी फिरल्यासारखा आवाज आला तर नमस्कार करून घरी या.

दुसरी गोष्ट, डिझेलची. आपल्याकडे अजून "मोठी गाडी म्हणजे डिझेल" असं डोक्यात बसलेलं आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर बऱ्याचदा डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. बीएस-६ डिझेलमध्ये तर तो असतोच, म्हणजे एप्रिल २०२०पासूनच्या गाड्यांत. हा फिल्टर स्वतःच साठलेली काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. नंदनवनहून इतवारी चार-पाच किलोमीटर. कळमनाही काही फार लांब नाही. तुमचं रोजचं चालणं एवढंच असेल तर फिल्टर कधी साफच होणार नाही. आधी दिवा लागेल, मग गाडी ताकद कमी करेल, मग वर्कशॉप. आठवड्यातून एकदा वर्धा किंवा अमरावतीला माल बघायला जाणाऱ्याने डिझेल घ्यावं. फक्त शहरात फिरणाऱ्याने पेट्रोल बघावं, किंवा हा विषयच सोडावा.

तिसरी गोष्ट, आपला उन्हाळा. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जाणारं हे शहर. या गाड्यांमध्ये थर्मोस्टॅटचं घर, कूलंटचे जॉइंट, पंपाचे भाग बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे असतात. वर्षानुवर्षं तापून-थंडावून प्लास्टिक ठिसूळ होतं आणि बारीक गळती सुरू होते. विकणारा कूलंट भरून ठेवतो, म्हणून बाटलीतली पातळी बरोबर दिसते. बाटलीकडे बघू नका, जॉइंटच्या आजूबाजूला वाळलेले गुलाबी किंवा निळे डाग बघा. आणि एसी दुपारी दोन वाजता बघा, सकाळी नाही.

सस्पेन्शनचं थोडक्यात: लोअर आर्मचे बुश, शॉकअप, लिंक रॉड. आपल्याकडचे स्पीड ब्रेकर कोणत्या मापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाच माहीत. कटकट आवाज आला तर हजारांचा खर्च, पण लाखांचा नाही. त्यावरून भाव पाडून घ्या.

टायर मात्र नीट बघा. बीएमडब्ल्यूमध्ये बहुतेक वेळा रन-फ्लॅट टायर येतात. हवा गेली तरी थोडं अंतर हळू चालवता येतं, म्हणून गाडीत बऱ्याचदा स्टेपनीच नसते. पंक्चर झालेला रन-फ्लॅट आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात काढून लावणं सोपं नसतं, कारण त्याची बाजू जाड आणि कडक असते, आणि हवा नसताना चालवला असेल तर तो बदलणंच सुरक्षित. किमतीला तो साध्या टायरच्या बराच वर. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून २०२५मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तेव्हापासून नागपूरच्या बऱ्याच व्यावसायिकांची गाडी महिन्यातून एकदा तरी त्या काँक्रीटवर ताशी १२०ने पळते. तिथे सहा वर्षं जुना, नक्षी भरपूर पण रबर कडक झालेला टायर म्हणजे जिवाशी खेळ. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तो वाचायला शिका.

आता वही काढा

खालचे आकडे मी हिशोबासाठी धरलेले आहेत. तुमच्या हातात जे कोटेशन येईल ते या जागी घाला.

गाडी पंधरा लाख. डाउन पेमेंट चार लाख, लोन अकरा लाख, १३ टक्के व्याज, चार वर्षं. जुन्या गाडीच्या लोनचा दर नव्या गाडीपेक्षा चढाच असतो हे लक्षात ठेवा. ईएमआय येतो साधारण २९,५०० रुपये. चार वर्षांत नुसतं व्याज ३ लाख १६ हजार.

महिन्याला हजार किलोमीटर चालवली, शहरात-बाहेर मिळून लिटरला १३ किलोमीटर दिलं, डिझेल ९० रुपये धरलं, तर ६,९०० रुपये. विमा वर्षाला ४५ हजार, म्हणजे महिन्याला ३,७५०. नेहमीची सर्व्हिस वर्षाला ४० हजार, म्हणजे ३,३००. टायरचा सेट ८० हजारांचा आणि तो ४०,००० किलोमीटर चालला, तर महिन्याला २,०००. आणि शेवटची ओळ, जी कोणी लिहित नाही: दुरुस्ती फंड, महिन्याला १०,०००.

बेरीज करा. खिशातून दर महिन्याला जाणारे पैसे, जवळपास ५५,५००.

तुमच्या धंद्यात सगळं जाऊन १० टक्के उरत असतील, तर ही गाडी सांभाळायला तुम्हाला दर महिन्याला साडेपाच लाखांची विक्री करावी लागेल. फक्त गाडीसाठी. घर, पोरांची फी, सगळं त्याच्या वरून.

"पण सर, ईएमआय तर शेवटी गाडीतच जातो, गाडी आपलीच राहते." बरोबर, म्हणून दुसऱ्या पद्धतीनेही मांडू. चार वर्षांनी गाडी आठ लाखांना गेली असं धरा. सात लाख किंमत उतरली, म्हणजे महिन्याला १४,६००. व्याज महिन्याला सरासरी ६,६००. वरचे बाकीचे खर्च २६ हजारांच्या आसपास. एकूण ४७ हजार. हजार किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला ४७ रुपये. बाहेरगावी जायला दारात येणारी भाड्याची गाडी तुम्हाला किती रुपये किलोमीटरने पडते ते विचारून बघा आणि शेजारी लिहा.

यात एक खर्च अजून आलेलाच नाही, डाउन पेमेंटच्या चार लाखांचा. मसालेवाल्या भावाचं उदाहरण घ्या. मिरचीत घातलेले चार लाख वर्षात सहा वेळा फिरले आणि प्रत्येक फेरीला आठ टक्के सुटले, तर वर्षाला १ लाख ९२ हजार. गाडीत घातले की ते फिरायचे थांबले. खेळतं भांडवल गाडीच्या रूपाने दारासमोर उभं राहिलं. ती रक्कम कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून ती कोणाला दुखत नाही. आणि सीझनमध्ये गिअरबॉक्स गेला, तीन लाखांचं कोटेशन आलं, तर? मग एक तर गाडी शेडखाली उभी आणि ईएमआय चालू, नाही तर भिवापूरच्या मिरचीवाल्याला "पुढच्या महिन्यात देतो" म्हणायचं. धंद्यातली पत अशीच तुटते. धंदा तोट्यात नसतो, फक्त रोकड अडकलेली असते.

"गाडी धंद्यात दाखवली की टॅक्स वाचतो ना?"

हा गैरसमज फार पसरलेला आहे.

एक, जीएसटी. तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. अपवाद तीनच: गाड्या विकण्याचा धंदा, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल. आणि ज्या गाडीचं क्रेडिट बंद, तिच्या विम्याचं आणि दुरुस्तीचंही बंद. कलम १७(५). तुमचा सीए वेगळं सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या.

दोन, इन्कम टॅक्स. आपल्यातले बरेच जण ४४एडी खाली रिटर्न भरतात, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून. त्या पद्धतीत सगळा खर्च आणि डेप्रिसिएशन आधीच वजा झालं असं धरलेलं असतं. वेगळी वजावट शून्य. गाडी घेतली काय, नाही घेतली काय, टॅक्स तेवढाच.

तीन, तुम्ही पूर्ण हिशोबाची पुस्तकं ठेवत असाल तर गाडीवर १५ टक्के डेप्रिसिएशन मिळतं. पंधरा लाखांवर पहिल्या वर्षी सव्वादोन लाख, आणि त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मं. घरचा वापर असेल तेवढा भाग त्यातून कापला जातो. समजा पूर्ण मिळालं आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर वाचले ४५ हजार. तेवढं वाचवायला पंधरा लाख घालायचे?

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला वैयक्तिक गाडीपेक्षा जास्त दराने रोड टॅक्स आहे. म्हणून एखाद्या व्यक्तीच्या नावावरची गाडी कंपनीच्या नावावर करायच्या आधी आरटीओत विचारून फरकाची रक्कम कागदावर घ्या.

विम्यातली खाच

इन्शुरन्सवाला म्हणतो, सर्व कव्हर आहे. झिरो डेप आहे का, ते विचारा. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर झिरो डेप द्यायला खळखळ करतात, काही सात वर्षांपर्यंत देतात. झिरो डेप नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर सरळ ५० टक्के कापतात. आता बंपर कशाचा असतो? हेडलाइटचं घर कशाचं? निम्मं बिल तुमचं.

पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम, तुम्ही आणि कंपनी ठरवून घेता. प्रीमियम कमी दिसावा म्हणून ती फार खाली आणू देऊ नका. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा "पन्नास टक्के एनसीबी आहे, विमा स्वस्तात पडेल" म्हणत असेल तर तो त्याला स्वस्त पडतो, तुम्हाला नाही.

घ्यायचीच असेल तर

हौस आहे, हिशोब बसतो, धंद्याचे सहा महिन्यांचे खर्च बाजूला आहेत. मग घ्या, बिनधास्त घ्या. काही कामांत अशी गाडी खरंच उपयोगाची असते. इंटिरियर, लग्नसोहळ्यांचं इव्हेंट मॅनेजमेंट, प्रॉपर्टी, जिथे गिऱ्हाईक तुम्हाला पाहून तुमच्या कामाची किंमत ठरवतो. मसाल्याच्या गाळ्यावर येणारा किराणावाला मात्र भाव आणि उधारीचे दिवस बघतो, बोनेटवरचा लोगो नाही.

गाडी शोधताना दर किलोमीटरचा आकडा मीटरवर वाचून थांबू नका. मीटर मागे फिरवता येतो, पण या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकापेक्षा जास्त कंट्रोल युनिटमध्ये असते. कंपनीचं स्कॅनिंग, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस, मर्सिडीजला झेंट्री, ज्या गॅरेजकडे आहे त्याच्याकडून पूर्ण स्कॅन करून घ्या आणि आकडे जुळतात का बघा. चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधला सर्व्हिस इतिहास मिळतो. विकणाऱ्याला सोबत घेऊन जा, कारण मालकाशिवाय ते सहसा देत नाहीत. स्कॅन आणि तपासणीचे पाच-सात हजार गेले तर जाऊ द्या. विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर तुमचे पंधरा लाख वाचले.

पुराची गाडी हा आपल्या शहराचा खास मुद्दा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, बेसमेंटमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या काही धुऊन-पुसून, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून फिरून बाजारात आल्या असतील. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रेलला गंज, कार्पेटखाली बारीक गाळ, डिकीच्या तळाशी ओल, नाकाला कुबट वास. लक्झरी गाडीत सीटखाली, कार्पेटखाली वायरिंग आणि कंट्रोल युनिट असतात. पाण्यात गेलेली गाडी एकदा नाही, वर्षभर हळूहळू त्रास देते.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, हेही खूप ऐकू येतं. कारण उघड आहे. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादाचा आणि २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाचा बडगा आला, त्यामुळे नऊ वर्षांची डिझेल गाडी मालक पडेल त्या भावात सोडायचा. ती इथे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे, पुन्हा नोंदणी, एजंटचे पैसे आणि दोन-तीन महिन्यांची वाट. तो खर्च मिळवून मग भाव सांगा. बहुतेक वेळा नागपूरची एमएच-३१ किंवा आपल्या पूर्व भागाची एमएच-४९ची गाडी तेवढ्यालाच पडते, आणि तिचा मालक कुठे राहतो ते तरी माहीत असतं.

भावाचा अंदाज घेताना आणखी एक बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा कर सेससकट ५० टक्क्यांपर्यंत होता तो ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला पाहिजे. विकणारा जुन्याच भावाला चिकटून असेल तर त्याला नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत दाखवा.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३०, लोन होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, पीयूसी, बाकी चलन, एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट. मालकी बदलाचा अर्ज घेणाऱ्याने ३० दिवसांत करायचा असतो, आणि विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "नंतर करू" म्हणून पूर्ण पैसे देऊ नका. एक हिस्सा आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत हातात ठेवा आणि ते करारात लिहा.

आणि जे जीएसटीत नोंदलेले आहेत, ज्यांनी गाडीवर डेप्रिसिएशन घेतलेलं आहे, त्यांनी विकतानाचंही आत्ताच लिहून ठेवा. डिसेंबर २०२४च्या जीएसटी कौन्सिलनंतर जुन्या गाडीच्या विक्रीवर १८ टक्के आहे, पण पूर्ण किमतीवर नाही, फक्त मार्जिनवर. मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा पुस्तकातली उरलेली किंमत. आपल्या उदाहरणात पंधरा लाखांची गाडी १५ टक्क्यांनी चार वर्षं उतरत ७ लाख ८३ हजारांवर येते. आठ लाखांना विकली तर मार्जिन १७ हजार, कर साधारण तीन हजार. पुस्तकी किमतीपेक्षा कमीत गेली तर कर शून्य.